पूर ओसरल्यानंतरचे मंडळ



पावसाळा लागला की कोल्हापुरात एक आकडा रोज विचारला जातो. राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर आहे? ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५५ फुटांच्या पुढे गेला आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या. चिखली आणि आंबेवाडी पाण्यात गेली, शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे रिकामी करावी लागली, शहरातल्या सुतारमळ्यासारख्या सखल वस्त्या बुडाल्या. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला आणि शहराचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला.

त्या दिवसांत मदतीला या म्हणून कोणाला सांगावे लागले नाही. मशिदी, तालमी, मठ, शाळा, मंगल कार्यालये उघडली गेली. कोणी ट्रॅक्टर आणला, कोणी भाकरी थापल्या, कोणी रात्रभर बोटीबरोबर फिरला. २०१९ ची बकरी ईद १२ ऑगस्टला, म्हणजे पाणी नुकतेच उतरू लागले होते तेव्हा आली. अनेक घरांनी कुर्बानीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतला वाटा पूरग्रस्तांकडे वळवला.

अडचण असते ती यानंतरच्या दिवसांत. पाणी पंधरा दिवसांत उतरते, पण भिंतीतली ओल चार महिने राहते. मुलांची पुस्तके लगदा झालेली असतात. म्हातारीची रक्तदाबाची गोळी संपलेली असते. पंचनाम्यासाठी कोणता कागद कुठे द्यायचा, हे सांगणारा कोणी नसतो. आणि नेमका याच वेळी मदतीसाठी तयार झालेला दोनशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप शुभसकाळच्या फुलांवर आलेला असतो.

म्हणून या महिन्याचा विषय असा आहे: मोहल्ल्यातले, गल्लीतले सेवा मंडळ सुरू कसे करायचे, यापेक्षा ते टिकवायचे कसे? उत्साहाने मंडळ जन्माला येते, यात शंका नाही. पण ते जगते ठरलेल्या कामावर, उघड्या हिशेबावर आणि वेळेवर रिकाम्या केलेल्या खुर्चीवर. या तीन गोष्टी नीट पाहू.

आपल्याच शहरातला धडा

मंडळ म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला शिकवावे लागत नाही. इथे गल्लोगल्ली तालमी आहेत. 'तालीम' हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ शिकवण. उर्दूत तो शिक्षणासाठी राहिला, मराठीत आखाड्यासाठी रुळला. कोल्हापुरात तर तो त्याहून मोठा झाला. इथली तालीम कुस्तीची माती सांभाळते, गणपती बसवते, अनेक ठिकाणी मोहरमचा पंजाही बसवते आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा संघही उतरवते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे ऐकताच कोल्हापूरकराच्या डोळ्यांसमोर आधी जर्सी येते. बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा दोन्ही असतात. २०१८ ते २०२० या तीन वर्षी गणेशोत्सव आणि मोहरम एकाच सुमारास आले, तेव्हा हे चित्र सगळ्यांनी पाहिले.

या तालमी पिढ्यानपिढ्या चालल्या, कारण त्यांच्याकडे रोजचे काम होते. उत्सव वर्षातून एकदा येतो, पण आखाडा रोज पहाटे उघडावा लागतो. माती रोज खणावी लागते. जो पोरगा रोज येतो, तोच उत्सवाच्या दिवशी हक्काने उभा राहतो.

दुसरा धडा दसरा चौकात उभा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये त्यांनी समाजातल्या मंडळींना एकत्र बोलावले. त्यातून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. महाराज स्वतः संस्थेचे अध्यक्ष झाले.

महाराजांनी नुसती देणगी दिली असती, तर ती दोन-चार वर्षांत खर्च होऊन गेली असती. त्यांनी जागा दिली, इमारतीला मदत केली, उत्पन्नाची सोय लावली आणि कारभारासाठी संस्था नेमली. १९२२ मध्ये महाराज गेले. बोर्डिंग आज शंभर वर्षांहून अधिक काळ उभे आहे. देणारा गेल्यावरही काम चालू राहावे, अशी घडी ज्याला घालता आली, त्याचे मंडळ टिकले.

आपल्या मंडळाला राजाश्रय नाही आणि त्याची गरजही नाही. पण 'मी नसलो तर हे काम कसे चालेल?' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारायला काही हरकत नाही.

काम एकच ठरवा

नवीन मंडळाचे पत्रक बघा. आरोग्य शिबिर, वह्यावाटप, वृक्षारोपण, सामुदायिक विवाह, व्यसनमुक्ती, करिअर मार्गदर्शन, सगळे एकाच कागदावर असते. सहा महिन्यांनी त्यातले एकही काम धड झालेले नसते. पहिल्या वर्षी एकच काम घ्यावे. ते लहान असावे, पुन्हा पुन्हा करावे लागणारे असावे आणि त्याचा दिवस ठरलेला असावा.

कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्काराची सोय करते आणि तिथे दहनासाठी शेणी लागतात. दरवर्षी होळी आली की शहरातली तरुण मंडळे आणि संस्था 'होळी लहान करा, शेणी दान करा' असे म्हणत शेणी गोळा करून स्मशानभूमीला देतात. यात भाषण नाही, मोठा खर्च नाही. दिवस ठरलेला आहे, वस्तू ठरलेली आहे, कुठे पोहोचवायची तेही ठरलेले आहे. म्हणूनच हे काम नवीन पोरांनाही लगेच समजते. एखाद्या वर्षी एक मंडळ मागे राहिले, तर दुसरे पुढे येते.

आपल्या मोहल्ल्यात असे काम कोणते? त्यासाठी सर्व्हे करायला नको. औषधाच्या दुकानदाराला, शाळेच्या बाईंना, मशिदीच्या इमामसाहेबांना आणि रिक्षा स्टॉपवरच्या चाचांना एकच प्रश्न विचारा: लोक तुमच्याकडे वारंवार कोणती अडचण घेऊन येतात? चौघांच्या उत्तरांत जी अडचण दोनदा आली, ते तुमचे काम.

रक्तदानाचेच पाहा. आपल्याकडे मोठे शिबिर घ्यायची हौस असते. मंडप, बॅनर, पाहुणे, एका दिवसात दोनशे बाटल्या. पण रक्त साठवण्याला मर्यादा आहे. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. ते मूल शिबिराच्या तारखेची वाट पाहू शकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजे बंद असतात, शिबिरे होत नाहीत आणि त्याच दिवसांत टंचाई जाणवते.

म्हणून मंडळाने शिबिराआधी यादी करावी. नाव, रक्तगट, फोन, शेवटचे रक्तदान कधी केले. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर, हे नियम यादीच्या पहिल्याच पानावर लिहावेत. शंभर नावांची जिवंत यादी असेल, तर सीपीआरमधून रात्री अकराला फोन आला तरी दोन माणसे उभी राहतात. 'जिवंत' हा शब्द महत्त्वाचा आहे. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला एक फोन करायचा, नंबर बदलला का, तब्येत कशी आहे, एवढे विचारायचे. हे काम सोळा वर्षांचा मुलगाही करू शकतो. त्याला स्वतःला रक्त देता येत नाही, पण यादी त्याच्या हातात सुरक्षित राहते.

बैठक भिशीसारखी

आपल्या घरात आधीपासून चालणारे एक उत्तम मंडळ आहे आणि आपण त्याला मंडळ म्हणत नाही. ते म्हणजे बायकांची भिशी. तारीख ठरलेली, रक्कम ठरलेली, वही एकीकडे. कोणी आजारी असली तरी पैसे शेजारणीकडून येतात. कोणाला गरज असली तर आपापसात बोलून नंबर बदलून दिला जातो. कोणी भाषण करत नाही, तरी वर्षानुवर्षे एक रुपया इकडचा तिकडे होत नाही.

मंडळाची बैठकही अशीच असावी. महिन्याचा एक दिवस कायमचा ठरवावा, उदाहरणार्थ दुसरा रविवार. जागा ठरवावी. वेळ एक तास. पाचजण आले तरी बैठक घ्यावी आणि पन्नास आले तरी तासात संपवावी. सुरुवातीला मागच्या महिन्यात कोणी काय कबूल केले होते ते वाचावे, मग हिशेब, मग पुढच्या महिन्याचे काम, आणि प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव लिहावे. 'आपण सगळे मिळून करू' असे लिहिलेले काम कोणीच करत नाही.

मशवरा म्हणजे मान डोलावणे नव्हे. विरोधात बोलणाऱ्याचे मत ठराव बुकात लिहून ठेवावे. त्याला निदान एवढे कळते की आपले ऐकले गेले. मंडळे बहुतेक वेळा मतभेदाने फुटत नाहीत. बैठकीत न बोललेली गोष्ट चहाच्या टपरीवर बोलली जाते, त्याने फुटतात.

भिशीवरून आणखी एक मुद्दा. ज्या घरातल्या बायका इतका चोख व्यवहार करतात, त्या घरातले पुरुष मंडळाची सगळी पदे आपल्याकडे ठेवतात आणि बायकांना पुलाव शिजवायला बोलावतात. हे बदलायला हवे. पूरग्रस्त घरात काय हवे आहे, हे बाईला बाईच सांगते. सॅनिटरी पॅड, बाळाचे दूध, अंगावरचा कोरडा कपडा, या गोष्टी पुरुषांच्या यादीत शेवटी येतात किंवा येतच नाहीत. खजिनदारपद एखाद्या भाभीकडे किंवा आपाकडे देऊन बघा. मात्र मग बैठक रात्री नऊला ठेवून चालणार नाही. त्यांना सोयीची वेळ विचारूनच दिवस ठरवावा.

पैसा म्हणजे अमानत

मंडळाची अब्रू पैशात असते. चोरीमुळे बदनाम झालेली मंडळे थोडी, हिशेब न ठेवल्यामुळे बदनाम झालेली पुष्कळ. माणूस प्रामाणिक असतो, खिशातून भरही घालतो, पण वही नसते. मग वर्षाच्या शेवटी त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते आणि तो दुखावून बाजूला होतो. म्हणजे हिशेबाची वही प्रामाणिक माणसालाच जास्त लागते.

वर्गणी शंभर रुपयांची असली तरी पावती द्यावी. पैसे मंडळाच्या नावाच्या बँक खात्यात ठेवावेत, कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा वैयक्तिक क्यूआर कोडवर घेऊ नयेत. काढताना दोघांच्या सह्या लागाव्यात. महिन्याची जमा आणि खर्च एका कागदावर लिहून मोहल्ल्यात सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावावा. वाचणारे दहाच असतील, पण लावलेला आहे हे हजारांना ठाऊक असते.

आपल्याकडे जकात आणि सदक्याचे पैसे येतात, तेव्हा जबाबदारी आणखी वाढते. जकातीचे हक्कदार ठरवून दिलेले आहेत. तो पैसा मंडपाला, बॅनरला, पेट्रोलला किंवा चहाला वापरता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून तीन रकाने ठेवावेत: जकात, सदका आणि इतर मदत, आणि मंडळाचा स्वतःचा खर्च. तिसरा रकाना सभासदांच्या वर्गणीतूनच भरावा. देणाऱ्याने पैसे कशासाठी दिले, ते पावतीवर त्याच्यासमोर लिहावे. जकातीतून अमुक खर्च चालेल का, अशी शंका असेल तर खर्च करण्याआधी जाणकार आलिमांना विचारावे. पूर आला की मदत सगळ्यांनाच लागते, शेजारच्या गल्लीतल्या हिंदू कुटुंबालाही लागते. त्यासाठी सदक्याचा रकाना आधीपासून भरलेला असावा, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

विश्वास असला की पैसा किती येतो, हे इचलकरंजीने दाखवले. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, तिथल्या मुस्लिम समाजाने रमजानच्या दानातून ३६ लाख रुपये उभे केले आणि शहरातल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग करून दिला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचे ऑनलाइन उद्घाटन केले. तो विभाग सरकारी रुग्णालयात होता, म्हणजे तिथे कोणत्याही जातीधर्माचा रुग्ण येणार होता. दिलेल्या पैशाचे काय झाले, हे विचारायची वेळ कोणावर आली नाही, कारण खाटा समोर दिसत होत्या. निधी गोळा करताना हेच ध्यानात ठेवावे. 'समाजकार्यासाठी मदत करा' म्हटले की हात खिशाकडे जात नाही. अमुक वस्तू, अमुक किंमत, अमुक तारीख, असे सांगितले की जातो.

काम वर्षभर नीट चालले की मग नोंदणीचा विचार करावा. संस्था नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद होते. नोंदणी म्हणजे फलकावर लिहायचा नंबर नव्हे. दरवर्षी ३१ मार्चअखेरचे हिशेब तपासून घ्यावे लागतात. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ जुन्या संस्थांचे वाद याच एका चुकलेल्या अर्जातून कोर्टात गेलेले दिसतात. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर संस्थेला प्राप्तिकर कायद्याखाली मान्यता घ्यावी लागते आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही.

आखाती देशांत नोकरी करणारे आपले भाऊ-भाचे पैसे पाठवतात, त्यांच्याबाबतही नीट समजून घ्यावे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी कायद्याने विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी विदेशी ठरते आणि ती घ्यायला केंद्र सरकारची परवानगी लागते. ओळखीच्या लेखापरीक्षकाला आधी विचारावे आणि मगच खाते नंबर पाठवावा.

खुर्ची फिरती ठेवा

शिकागोमध्ये २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन परिचितांना घेऊन एक क्लब काढला. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात व्हायची, म्हणून त्याचे नाव पडले रोटरी, म्हणजे फिरते. आज हा क्लब जगभर आहे. त्याचा एक नियम आपण जरूर घ्यावा: अध्यक्ष दरवर्षी १ जुलैला बदलतो. कितीही चांगला असला तरी बदलतो.

अध्यक्ष वर्षाला बदलला तरी काम मात्र बदलत नाही. रोटरीने पोलिओचे काम १९८५ मध्ये हाती घेतले. अध्यक्ष येत गेले आणि जात गेले, काम तेच राहिले. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यात सरकार होते, आशा आणि अंगणवाडी सेविका होत्या. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये जिथे डोसाबद्दल शंका होत्या, तिथे आलिमांनी घरोघर समजूत घालण्यात मोठा वाटा उचलला. हे काम जवळजवळ तीस वर्षांचे होते. एका माणसाच्या उत्साहावर एवढी मजल मारता आली नसती.

आपल्याकडे उलटे होते. माणूस तोच राहतो, काम बदलत राहते. संस्थापक अध्यक्ष, तोच कायम अध्यक्ष, आणि शेवटी मंडळ त्याच्या नावानेच ओळखले जाते. तो निवडणुकीला उभा राहिला की मंडळ पक्षाचे होते आणि तो आजारी पडला की मंडळही आजारी पडते. दोन वर्षांनी अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार बदलायचे, हे पहिल्याच ठरावात लिहावे. पद सोडणाऱ्याने पुढच्या माणसाबरोबर तीन महिने बसून वही, चाव्या, फोन नंबर आणि कोणत्या कार्यालयात कोणत्या टेबलावर काम होते, हे सगळे समजावून द्यावे. जुन्या अध्यक्षाला मान द्यावा, सल्ला विचारावा, पण सही नव्याची असावी.

तरुण पोरे येत नाहीत, अशी तक्रार ज्येष्ठ नेहमी करतात. आलेल्या पोरांना काय काम दिले जाते, तेही पाहावे. खुर्च्या मांडणे, पाहुण्यांना पाणी देणे आणि फोटो काढणे. मग पोरगा वैतागून म्हणतो, "चाचा, खुर्च्याच उचलायच्या तर मंडपवाल्याकडे जातो की, पैसे तरी मिळतील." त्याला एक पूर्ण काम द्या. चुकू द्या. पुढच्या वेळी तो स्वतःहून येतो. निवृत्त क्लार्क असलेल्या चाचांना कीर्द लिहायला द्या, शिकणाऱ्या मुलीला अर्ज भरून द्यायला सांगा, रिक्षावाल्या भावाला महिन्यातून दोन फेऱ्या मागा. ज्याच्याकडे जे आहे, तेवढेच मागावे. ज्याला महिन्याला दोन तास देता येतात, त्याच्याकडून दोन तासच घ्यावेत आणि त्याबद्दल त्याला कमी लेखू नये.

घेणाऱ्याची अब्रू

या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपण म्हणतो आणि मग दप्तर घेणाऱ्या मुलाचा फोटो चौकातल्या बॅनरवर लावतो. ते मूल उद्या त्याच चौकातून शाळेत जाणार असते. बाकीची मुले त्याला काय म्हणत असतील? दान घेतल्याचा फोटो काढायचा नाही, हा नियम मंडळाने एकदा करून टाकावा. फोटो हवाच असेल तर वह्यांच्या गठ्ठ्याचा काढावा, राबणाऱ्या हातांचा काढावा. पुरानंतर धान्याचे पाकीट दारात नेऊन द्यावे, रांग लावू नये. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज यांसाठी मदत मागायला आलेल्या माणसाला बसायला खुर्ची द्यावी. या गोष्टींना पैसे लागत नाहीत.

गल्लीच्या पलीकडे

कोरोनाच्या काळात घरची माणसेही मृतदेहाजवळ जायला घाबरत होती, तेव्हा कोल्हापुरात बैतुलमाल कमिटीच्या स्वयंसेवकांनी मृतांवर ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार केले. आपत्तीत बचावाचे प्रशिक्षण घेतलेली व्हाइट आर्मीही याच शहरातली. असे काम करणाऱ्यांनी कोणाचे नाव विचारून हात पुढे केला नाही.

याच शहरात ७ जून २०२३ रोजी बंदच्या वेळी दगडफेक झाली, दुकानांची आणि वाहनांची मोडतोड झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. शाहूंच्या कोल्हापुरात असे व्हावे, याचे वाईट अनेकांना वाटले, हिंदूंनाही आणि मुसलमानांनाही. अशा दिवशी नवी ओळख करून घेता येत नाही. आधीची असेल तीच उपयोगी पडते. म्हणून आपल्या मंडळाच्या यादीत शेजारच्या तालमीच्या दोन कार्यकर्त्यांचे फोन नंबर असावेत आणि त्यांच्याकडे आपले. वर्षातून दोन कामे त्यांच्याबरोबर करावीत. रक्तदात्यांची यादी एकत्र ठेवावी, पावसाळ्याआधी सखल भागातल्या म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची नोंद मिळून करावी. एकत्र पोती उचललेल्या माणसाला अफवा आली की आधी फोन करावासा वाटतो. सभेतल्या भाषणापेक्षा त्या एका फोनचा उपयोग जास्त असतो.

वाचकहो, तुमच्या मोहल्ल्यात मंडळ असेल तर या महिन्याच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपले ठरलेले काम कोणते? मागच्या महिन्याचा हिशेब कुठे लावला आहे? पुढचा अध्यक्ष कोण आणि तो आत्ता काय शिकतो आहे? मंडळ नसेल तर सात माणसे शोधा, त्यांत निदान दोन बायका आणि दोन विशी-पंचविशीतली मुले असू द्या. एक जाड वही आणि एक पावती पुस्तक घ्या, महिन्याचा एक दिवस ठरवा. उद्घाटन, पाहुणे आणि फलक वर्षभर थांबू शकतात. पहिले काम म्हणून आपल्या गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसे किती, त्यांना कोणती औषधे लागतात आणि पाणी चढले तर त्यांना उचलून न्यायला कोण जाणार, एवढे त्या वहीत लिहून काढा. पुढच्या पावसाळ्याआधी ते पान पूर्ण झालेले असावे.